पाचशे प्रतींची मोटार

एक हिशेब ऐका. एक कारखानदार एक गाडी बनवतो. ती दहा लाख युरोंच्या वर किमतीला विकतो, आणि तरीही प्रत्येक गाडीमागे त्याला ४६ लाख युरोंचा खड्डा पडतो. आपल्याकडच्या एखाद्या किराणा दुकानदाराने असा धंदा सुरू केला तर घरची माणसं आधी त्याला डॉक्टरकडे नेतील आणि मग दुकानाच्या किल्ल्या काढून घेतील. पण हा कारखानदार म्हणजे जर्मनीचा फोक्सवॅगन समूह, आणि गाडी म्हणजे बुगाटी वेरॉन. ४६ लाखांचा आकडा कंपनीने दिलेला नाही. बर्नस्टीन या गुंतवणूक-संशोधन करणाऱ्या संस्थेच्या विश्लेषकांनी तो २०१३ मध्ये अंदाजाने काढला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला.

वेरॉन हा फोक्सवॅगनचे तेव्हाचे सर्वेसर्वा फर्डिनांड पिएख यांचा हट्ट. बीटल मोटारीचे जनक फर्डिनांड पोर्शे यांचे हे नातू. आजोबांनी सामान्य माणसाची गाडी बनवली, नातवाला दुसऱ्या टोकाला जायचं होतं. १९९८ मध्ये त्यांनी बुगाटी हे जुनं, नामांकित, पण कारखाना बंद पडलेलं नाव समूहात आणलं आणि इंजिनिअरांना फर्मान सोडलं: हजार अश्वशक्ती हवी, ताशी चारशे किलोमीटर हवेत. शेवटी गाडी झाली ती १००१ अश्वशक्तीची. सोळा सिलिंडर, चार टर्बो, आणि ही भट्टी थंड ठेवायला दहा रेडिएटर. वेग ताशी ४०७ किलोमीटर. पूर्ण वेगाने हाकली तर शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत कोरडी पडते. फ्रान्समधल्या मोलसाइम गावी २००५ पासून ही गाडी जवळजवळ हातानेच जुळवली जाऊ लागली, आणि २०१५ मध्ये ४५०व्या गाडीवर काम थांबलं.

कवी माणसाने या भानगडीत का पडावं? खरं तर हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो माझ्या भाच्यामुळे. तो गॅरेजमध्ये काम करतो, दिवसभर मारुती आणि बोलेरोखाली झोपलेला असतो, आणि खोलीच्या भिंतीवर मात्र अशा गाड्यांची चित्रं लावतो. एकदा त्याने मला विचारलं, ‘‘मामू, असल्या गाडीत कंपनीला किती सुटत असतील हो?’’ मी म्हटलं, भरपूर सुटत असणार, नाहीतर कोण बनवेल. मग मीच थबकलो. कारण मी ज्या धंद्यात आहे त्यात तर वर्षानुवर्षं हेच चाललंय. माझा पहिला कवितासंग्रह निघाला तो पाचशे प्रतींचा. प्रकाशक हिशेबाला पक्के होते. ते म्हणाले, ‘‘कवितेत काही सुटत नाही, पण आमच्या यादीत दोन-चार कवी असावे लागतात.’’ म्हणजे मी त्यांची वेरॉन होतो. फरक एवढाच, की माझ्यामागचा तोटा पाठ्यपुस्तकांच्या गाइडांतून भरून निघत होता.

पुस्तक छापणाऱ्याला मोटारीचं हे गणित लगेच कळेल. अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, मुखपृष्ठ यांचा खर्च प्रती पाचशे असोत की पन्नास हजार, तेवढाच. मोटारीचंही तसंच, फक्त आकडे अंगावर येणारे. पहिली गाडी दाराबाहेर पडण्याआधीच आराखडे, साचे, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या, धुराचे नियम, भिंतीवर आपटून फोडण्यासाठीच बनवलेल्या गाड्या, हा सगळा पैसा खर्च झालेला असतो. दहा लाख गाड्यांवर तो वाटला तर एकेका गाडीच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. साडेचारशेवर वाटला की कंबर मोडते. त्यात वेरॉनचे टायरसुद्धा कुठल्या दुकानात मिळणारे नव्हते, ते तिच्यासाठीच घडवावे लागले.

काही गाड्या तर नफ्याचा विचार न करताच जन्मल्या. शर्यतींचे नियम असायचे, की जी गाडी मैदानात उतरवायची तिच्या ठरावीक प्रती सामान्य गिऱ्हाइकालाही विकल्या पाहिजेत. म्हणून अमेरिकेत १९७० साली प्लिमथ कंपनीने सुपरबर्ड ही गाडी काढली. पुढे अणकुचीदार नाक, मागे माणसाच्या छातीएवढा उंच पंख. शर्यतीत ती धावली झकास, पण गावात घेऊन कोण फिरणार! कित्येक विक्रेत्यांकडे ती पडून राहिली, काहींनी तर नाक आणि पंख काढून साधी गाडी म्हणून खपवली. उलट जर्मनीत पोर्शेला अशाच नियमासाठी १९७२-७३ मध्ये ९११ कॅरेरा आरएसच्या पाचशे गाड्या बनवायच्या होत्या. विक्री खात्याला धास्ती, एवढ्या खपतील का? त्या बघता बघता संपल्या आणि अखेर पंधराशेच्या वर बनवाव्या लागल्या. गिऱ्हाईक कशावर भाळेल हे कवीला कळत नाही, तसंच कारखानदारालाही.

मग पैसा कुणी कमावतच नाही का? कमावतात, आणि बक्कळ कमावतात. पण त्यांची युक्ती वेगळी असते.

इटलीच्या लॅम्बोर्गिनीने २००७ मध्ये रेव्हेंटॉन नावाची गाडी आणली. गिऱ्हाइकांसाठी फक्त वीस, किंमत प्रत्येकी दहा लाख युरो. अंगाने लढाऊ विमानासारखी, पण आतलं यंत्र जवळपास सगळं त्यांच्याच मुर्सिएलागो गाडीचं, जी तिच्या कितीतरी कमी किमतीत मिळत होती. जुन्याच कवितासंग्रहाला नवं मुखपृष्ठ घालून, खाली ‘फक्त वीस प्रती’ असं छापावं, तसला हा प्रकार. वीसही गाड्या गेल्या. संशोधनाचा खर्च मुर्सिएलागोने आधीच सोसलेला होता, म्हणजे या दोन कोटी युरोंतला बराच मोठा भाग सरळ गल्ल्यात.

बुगाटीही पुढे हेच शिकली. वेरॉनचं सोळा सिलिंडरचं इंजिन सुधारून २०१६ मध्ये शिरॉन काढली, आणि शिरॉनला नवे कपडे शिवून २०१८ मध्ये दिवो. दिवोच्या गाड्या चाळीस, किंमत कर सोडून पन्नास लाख युरो. जाहीर झाली तेव्हाच चाळीसही विकल्या गेलेल्या होत्या. म्हणजे वीस कोटी युरोंचा गल्ला. वेरॉनने खणलेल्या विहिरीवर दिवोने मोट लावली. आता सांगा, वेरॉन तोट्यात होती म्हणायचं की नाही? विहिरीचा खर्च पहिल्या वर्षीच्या पिकावर टाकला तर कुठलाही शेतकरी बुडीतच दिसेल.

पण या विद्येतली खरी उस्ताद म्हणजे फेरारी. बाजाराला जेवढ्या गाड्या हव्यात त्याहून एक कमी बनवायची, हे तत्त्व एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितलं जातं. ते १९८८ मध्ये वारले, पण तत्त्व राहिलं. १९९५ च्या एफ-५० या गाड्या कंपनीने ३४९ बनवल्या, साडेतीनशे नाही. यातली मेख अशी, की ही गाडी पैसे टाकून मिळत नाही. कुणाला द्यायची हे कंपनी ठरवते, आणि आधी फेरारीच्या चार गाड्या घेतलेल्यांना झुकतं माप मिळतं. म्हणजे ती एक गाडी हाती लागावी म्हणून माणूस साध्या फेरारी घेत राहतो. (फेरारीला साधी म्हणताना माझी जीभ अडखळते, पण तुलनेनं बोलतोय.) २०२१ मध्ये आलेली डेटोना एसपी-३ पाहा. ५९९ गाड्या, प्रत्येकी वीस लाख युरोंच्या आसपास. गुणाकार केला तर सुमारे १२० कोटी युरो. आणि इंजिनाचं घराणं ८१२ या आधीच्या गाडीचं.

फेरारीने २०२४ या वर्षात एकूण १३,७५२ गाड्या दिल्या आणि निव्वळ नफा कमावला सुमारे १५२ कोटी युरो. त्यात शर्यतींचे प्रायोजक, टोप्या, अत्तरं असं बरंच काही आहे, पण नुसता भागाकार केला तर गाडीमागे एक लाख दहा हजार युरो पडतात. त्याच वर्षी फोक्सवॅगन समूहाने नव्वद लाख गाड्या विकल्या. तिथे हाच भागाकार चौदाशे युरोंच्याही आत येतो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मग मामू, सगळ्यांनीच थोड्या बनवाव्यात की.’’

तेवढं सोपं असतं तर ब्रिटनची ॲस्टन मार्टिन ही कंपनी जन्मभर हातातोंडाची गाठ घालत बसली नसती. तिच्याही मोजक्या गाड्या दहा-वीस लाख पौंडांना जातात, जेम्स बाँड तिची जाहिरात फुकटात करतो असं वाटतं, पण दिवाळं तिच्या पाचवीला पुजलेलं. आणि आगाऊ पैसे घेऊन गाडी बनवण्यातला धोका काय असतो, तो जॅग्वारने भोगला आहे.

१९८८ मध्ये जॅग्वारने बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे-२२० ही गाडी मांडली. बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. श्रीमंतांच्या रांगा लागल्या. पन्नास हजार पौंडांची अनामत भरायला सुमारे चौदाशे जण तयार झाले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा डोळा गाडी चालवण्यावर नव्हता, ती हातोहात जादा भावाने विकण्यावर होता. मधे तीन-चार वर्षं गेली. १९९२ मध्ये गाडी प्रत्यक्ष आली ती सहा सिलिंडर आणि दोन टर्बो घेऊन, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि किंमत वाढून ४ लाख ७० हजार पौंडांवर. तोवर ब्रिटनमध्ये मंदी आलेली. कालचे रांगेतले लोक आज करारातून सुटायला वकील शोधू लागले. प्रकरण कोर्टात गेलं. साडेतीनशे गाड्या करायच्या होत्या, तीनशेही झाल्या नाहीत. गंमत म्हणजे ही गाडी वेगात कुठे कमी नव्हती, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांत ती मोडत होती. पण सट्टेबाजाला वेगाशी काय देणंघेणं!

हीच जॅग्वार २००८ मध्ये आपल्या टाटा मोटर्सने फोर्डकडून घेतली. टाटांच्या काळातही जॅग्वारने सी-एक्स-७५ ही अडीचशे गाड्यांची महागडी योजना जाहीर केली होती. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ती गुंडाळली, काळ बरा नाही म्हणून. मला त्या निर्णयाचं कौतुक वाटतं, हट्ट सोडायलाही जिगर लागते. त्याऐवजी जॅग्वारने एक नामी शक्कल काढली. १९५७ मध्ये तिच्या कारखान्याला आग लागली होती आणि एक्सकेएसएस नावाच्या पंचवीसपैकी नऊ गाड्या जळाल्या होत्या. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की त्या नऊ गाड्या आम्ही आता पूर्ण करतो. जुन्या आराखड्यांवरून, तशाच हाताने ठोकून. किंमत दहा लाख पौंडांच्या वर. नवं संशोधन नाही, जाहिरातीचा मोठा खर्च नाही, गिऱ्हाईक दारात उभं. साठ वर्षांपूर्वीच्या राखेतून पैसा काढणं म्हणतात ते हे. आणि मुंबईच्याच महिंद्रांनी इटलीचं पिनिनफारिना हे नाव घेऊन बॅटिस्टा ही विजेवर चालणारी, १९०० अश्वशक्तीची गाडी काढली. ती अवघ्या १५० बनवायचं ठरलं, किंमत वीस लाख युरोंच्या घरात. ट्रॅक्टर विकणाऱ्या घरातून ही गाडी निघावी, याची मला मौज वाटते.

आता त्या नेहमीच्या उत्तराकडे येतो. कुठल्याही कंपनीला विचारलं, की तोट्यात का बनवता, तर उत्तर ठरलेलं: प्रतिष्ठेसाठी. दुकानातल्या काचेत एक पैठणी लावली की आत साध्या साड्या खपतात, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रतिष्ठा मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याच्या नावावर कितीही खर्च टाकता येतो. माझे प्रकाशकही हाच शब्द वापरायचे, आणि मला तेव्हा बरं वाटायचं. फोक्सवॅगनने २०१५ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात शेवटची, ४५०वी वेरॉन दिमाखात मांडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघडकीला आणलं, की या समूहाच्या डिझेल गाड्यांत धुराची चाचणी चुकवणारी लबाड संगणकप्रणाली बसवलेली आहे. दहा वर्षं, साडेचारशे गाड्या आणि एवढा पैसा ओतून जी इभ्रत कमावली म्हणतात, ती काही त्या दिवशी मदतीला आली नाही.

शिवाय पैसा कुणाचा? वेरॉन मोलसाइमला जुळवली जात होती त्याच काळात आपल्या चाकणलाही पोलो बनत होती. समूहाची तिजोरी एकच. हप्ते भरून पोलो, गोल्फ किंवा स्कोडा घेणाऱ्याला, किंवा ती बनवणाऱ्या कामगाराला, तुमच्या घामातून एका माणसाची हौस पुरवायची का, असं कुणी विचारलं नव्हतं.

अर्थात न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बर्नस्टीनच्या त्याच यादीत एकूण तोट्यात वेरॉनच्या वर एक इवलीशी गाडी आहे: स्मार्ट. शहरातल्या गर्दीसाठी काढलेली, दोन माणसांची, स्वस्तातली. तिच्यात गाडीमागे साडेचार हजार युरोच गेले, पण गाड्या लाखांनी बनल्या, म्हणून एकूण खड्डा ३३५ कोटी युरोंचा. आपली नॅनो आठवा. लाख रुपयांची गाडी म्हणून २००८ मध्ये सगळा देश हरखला होता, २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गरिबासाठी बनवली म्हणून तोटा पवित्र होत नाही आणि श्रीमंतासाठी बनवली म्हणून पाप होत नाही. त्या खर्चातून मागे काय उरलं, हे बघावं लागतं.

आणि इथे मला एक गाडी फार जवळची वाटते, तिची फक्त छायाचित्रं पाहिली असली तरी. लेक्सस एलएफए, टोयोटाने बनवलेली. पाचशे प्रती! अगदी माझ्या संग्रहाएवढ्या.

मी इचलकरंजीचा. अब्बा यंत्रमागावर काम करायचे. साध्या मागाची रीत अशी, की कांडी संपली की माग थांबवायचा, धोट्यात नवी कांडी भरायची आणि पुन्हा सुरू करायचा. ताण्याचा धागा तुटला तर मागाला कळत नाही, तो आपला खडखडत राहतो आणि कापडात खोट येते. मग दिवाणजी तो तागा बाजूला काढणार आणि मजुरी कापणार. म्हणून विणकराची नजर सतत धाग्यावर. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये असा माग सिद्ध केला, जो चालता चालताच धोटा बदलतो आणि धागा तुटला की आपोआप थांबतो. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचींचा मुलगा किचिरो याने पुढे मोटारीचा उद्योग उभारला. तीच टोयोटा. तिच्या मुळाशी माग आहे, हे मला कळलं तेव्हा अब्बा हयात नव्हते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

एलएफएवर काम सुरू झालं २००० साली. आधी गाडी ॲल्युमिनियमची होणार होती. निम्म्या वाटेवर ठरलं, की नाही, कार्बनच्या धाग्यांची करायची, वजनाला हलकी आणि ताकदीला भारी. म्हणजे झालेल्या कामातलं बरंचसं मोडीत. बाहेरून तयार भाग घेण्याऐवजी टोयोटाने स्वतःच गोल माग बनवला आणि पुढच्या काचेच्या कडेने छतावर जाणारा खांब त्यावर विणून काढला. मोटारीचा सांगाडा मागावर! गाडी विक्रीला आली २०१० च्या अखेरीला, मोतोमाची कारखान्यात महिन्याला वीस या चालीने. किंमत पावणेचार लाख डॉलर. पाचशे गाड्यांचे मिळून पावणेएकोणीस कोटी डॉलर होतात. त्यात दहा वर्षांचं संशोधन, एकदा मोडून पुन्हा मांडलेला डाव आणि हाताने केलेलं काम बसवून बघा. बसत नाही. आणि एक गोष्ट तर कुठल्याच ताळेबंदात बसणार नाही. टोयोटाचे सर्वांत मुरलेले चाचणी-चालक हिरोमु नारुसे २०१० च्या जूनमध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंगजवळ हीच गाडी चालवताना अपघातात गेले. वय ६७. टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष आकियो तोयोदा त्यांना गुरू मानत.

गाडी खपली का, म्हणाल तर तिथेही कवितासंग्रहाचीच गत. उत्पादन २०१२ च्या डिसेंबरात संपलं, पण २०१७ मध्येही अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे डझनभर कोऱ्या एलएफए पडून होत्या. नंतर मात्र लिलावात त्यांच्या किमती मूळ किमतीच्या दुपटीवर गेल्या. तो वाढावा गाडी धरून बसलेल्याला मिळाला, टोयोटाला त्यातला एक येनही नाही.

टोयोटाकडे राहिले ते विणायला शिकलेले हात आणि ती जागा. मोतोमाचीच्या त्याच विभागात २०१४ पासून मिराई ही हायड्रोजनवर चालणारी गाडी बनू लागली, तीही सुरुवातीला दिवसाला दोन-तीनच. तिच्यातल्या हायड्रोजनच्या टाक्यांना कार्बनच्या धाग्याचे वेढे दिलेले असतात, आणि त्या टाक्या टोयोटा स्वतःच बनवते. भाच्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, ‘‘मामू, मग त्या धाग्याचा खर्च मांडला कुठल्या वहीत? ह्या गाडीच्या का त्या?’’ ते टोयोटाच्या दिवाणजीलाच ठाऊक.